सांस्कृतिक विविधता, कामाच्या ठिकाणी आणि समाजात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेगवेगळ्या पार्श्वभूमीची माणसं जिथे एकत्र काम करतात किंवा शेजारी राहतात, तिथे हे प्रश्न फिरून फिरून येतात. काही कुतूहलाने विचारले जातात, काही रागाने, काही दबक्या आवाजात. लोक विचारतात तसेच ते इथे घेतले आहेत.

सांस्कृतिक विविधता म्हणजे धर्म, भाषा, पोशाख, सण एवढंच ना?

हे सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून चटकन लक्षात येतं. रोजच्या कामात गाडी अडते ती न दिसणाऱ्या गोष्टींपाशी. वेळ पाळणं म्हणजे ठरलेल्या मिनिटाला हजर असणं, की आधीच्या माणसाशी चाललेलं बोलणं नीट पूर्ण करून येणं? वरिष्ठांची चूक चारचौघांत दाखवणं हा प्रामाणिकपणा की उद्धटपणा? नकार तोंडावर द्यायचा, की समोरच्याला कळेल इतपत सुचवायचा? या प्रश्नांची उत्तरं आपण लहानपणीच, कुणी मुद्दाम न शिकवता आत्मसात केलेली असतात. त्यामुळे ती आपल्याला एक पद्धत वाटतच नाहीत, साधी समज वाटते. मग कुणी वेगळं वागलं की फरक पद्धतीचा आहे हे मनात येत नाही, आपण त्या माणसाच्या स्वभावालाच नावं ठेवतो.

आणि कुठलाही माणूस एकाच गटाचा नसतो. भाषा, धर्म, लिंग, पिढी, शिक्षण, पेशा, आर्थिक थर हे सगळं एकाच वेळी त्याच्यासोबत असतं. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याचं उदाहरण देऊन हे दाखवलं. एका कंपनीने १९६४ पूर्वी एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला कामावर घेतलं नव्हतं. पुढे मंदी आली, सेवाज्येष्ठतेनुसार कपात झाली आणि १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नोकरी गेली. न्यायालयाने म्हटलं, कंपनीने त्या काळात स्त्रियांना कामावर घेतलं होतं, म्हणजे लिंगभेद सिद्ध होत नाही. पण कामावर घेतलेल्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. वंश आणि लिंग अशा दोन रकान्यांत तक्रार वेगवेगळी मांडायला लावली की दोन्हींच्या मधे उभी असलेली व्यक्ती कुणालाच दिसत नाही, हा क्रेनशॉ यांचा मुद्दा होता.

माणूस म्हणून सगळे सारखेच. मग फरकांकडे बघायचंच कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा चांगलंच असतं. हक्क, मान, संधी या बाबतीत सगळे सारखे, यात वादच नाही. पण 'मला फरक दिसतच नाही' असं म्हटलं की व्यवहारात एक गोष्ट घडते: ज्या गटाची पद्धत आधीपासून रूढ आहे तीच सगळ्यांची मानली जाते. सुट्ट्यांची यादी तिच्याप्रमाणे, विनोद तिचे, चांगलं बोलणं कशाला म्हणायचं याचं मापही तिचं. बाकीच्यांनी रोज स्वतःला थोडं मुरडून तिच्यात बसवायचं. या मुरडण्याला कष्ट पडतात आणि ज्यांना ते करावे लागत नाहीत त्यांना ते दिसतही नाहीत. फरक बघायचा तो या कष्टांची वाटणी न्याय्य व्हावी म्हणून.

वेगवेगळी माणसं एकत्र आली की काम खरंच सुधारतं का? की हे नुसतं बोलायला छान वाटतं?

सुधारू शकतं. आपोआप सुधारत नाही. दोन प्रयोग इथे सविस्तर सांगण्यासारखे आहेत.

मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल सॉमर्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा-सहा जणांचे नकली ज्यूरी गट तयार केले. काही गटांत सगळे गोरे, काहींत गोरे आणि कृष्णवर्णीय मिळून. खटला सगळ्यांना एकच दाखवला. मिश्र गटांनी जास्त वेळ चर्चा केली, पुराव्यातले जास्त तपशील विचारात घेतले आणि तथ्यांच्या चुका कमी केल्या. बारकावा असा, की मिश्र गटात बसलेले गोरे सदस्यसुद्धा, सगळ्या गोऱ्यांच्या गटातल्या सदस्यांपेक्षा जास्त काटेकोरपणे बोलले. म्हणजे फायदा फक्त नव्या लोकांनी आणलेल्या नव्या माहितीमुळे झाला नाही. सगळे आपल्यासारखेच नाहीत हे जाणवल्यावर प्रत्येकानेच तयारी नीट केली.

दुसरा प्रयोग कॅथरिन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००९ चा. एकमेकांना ओळखणाऱ्या तीन-तीन विद्यार्थ्यांना खुनाचं एक रहस्य सोडवायला दिलं. चर्चा सुरू झाल्यावर थोड्या वेळाने त्यांच्यात चौथा माणूस आला, कुठे त्यांच्याच मंडळातला, कुठे बाहेरचा. ज्यांच्यात बाहेरचा माणूस आला त्या गटांनी खुनी जास्त वेळा अचूक ओळखला. पण चर्चा कशी झाली असं विचारल्यावर हेच गट म्हणाले की फारशी चांगली झाली नाही, आणि आपलं उत्तर बरोबर असल्याची खात्रीही त्यांना कमी वाटत होती. सारख्या माणसांचे गट मात्र खुशीत होते, आत्मविश्वासाने भरलेले होते आणि जास्त वेळा चुकले.

मला या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. मिश्र गटात काम करताना होणारा त्रास म्हणजे काहीतरी बिघडलं, असं आपण लगेच धरून चालतो. अनेकदा तो विचार नीट होत असल्याचा त्रास असतो. बैठक सुरळीत पार पडली याचं समाधान मानणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने एकदा तरी स्वतःला विचारावं, की सुरळीत का पार पडली? सगळ्यांना पटलं म्हणून, की न पटणारा कुणी खोलीतच नव्हता म्हणून?

पण मग वेगळ्या लोकांबद्दल मनात अंतर का वाटतं? हा दोष आहे का?

'आपले' आणि 'ते' अशी विभागणी माणूस फार पटकन करतो. आंरी ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांचे गट पाडले. एका प्रयोगात मुलांना सांगितलेलं कारण होतं दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रं जास्त आवडली, एवढंच. मुलं एकमेकांशी बोलली नव्हती, आपल्या गटात कोण आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. तरी बक्षिसाचे पैसे वाटायला दिल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इतक्या फुटकळ कारणावरून जे घडतं, ते भाषा, धर्म किंवा वर्ण यांवरून घडताना पाहून आश्चर्य वाटायला नको.

मनात अंतर वाटणं हा गुन्हा नाही. पण ते वाटतं म्हणून कुणाला नोकरी, घर किंवा बोलण्याची संधी नाकारणं हा अन्याय आहे, आणि या दोन गोष्टींमधली रेष पुसट होऊ देता कामा नये.

'अमुक देशाचे लोक असे असतात' हे सांगणारे तक्ते उपयोगी आहेत का?

सुरुवातीला, थोडेसे. डच संशोधक खीर्त हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या एक लाखाहून जास्त प्रश्नावल्या अभ्यासल्या आणि १९८० मध्ये देशांची तुलना मांडली: अधिकाराचं अंतर किती मान्य केलं जातं, व्यक्तीला महत्त्व की समूहाला, अनिश्चितता किती सहन होते, वगैरे. एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये आणखी एक फरक सांगितला: काही ठिकाणी अर्थ शब्दांत सगळा सांगितला जातो, काही ठिकाणी बराचसा प्रसंगातून, नात्यातून, न बोलण्यातून समजून घ्यायचा असतो. परक्या ठिकाणी गोंधळलेल्या माणसाला अशा कल्पनांमुळे 'हा उद्धट नाही, याची रीत वेगळी असावी' असं वाटलं, तर त्यांचं काम झालं.

पण हे देशांच्या सरासरीचे आकडे आहेत आणि सरासरी कधी कामावर येत नाही. वास तारास आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र करून तपासलं, तेव्हा कामाविषयीच्या मूल्यांमधला सुमारे ८० टक्के फरक एकाच देशातल्या माणसा-माणसांत आढळला, देशादेशांत उरला तो २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पासपोर्ट पाहून समोरच्याचा स्वभाव सांगणारा माणूस बहुतेक वेळा चुकणार. तक्त्यावरून अंदाज बांधावा, आणि समोरच्याशी बोलताना तो लगेच मोडायची तयारी ठेवावी. ज्यांना तो मोडता येत नाही त्यांनी तक्ते न वाचलेलेच बरे.

आमच्या गटातली एक व्यक्ती मीटिंगमध्ये कधीच बोलत नाही. तिला रस नाही असं समजायचं का?

आधी मीटिंग कशी चालते ते पाहा. अजेंडा आयत्या वेळी येतो. चर्चा अशा भाषेत होते जी त्या व्यक्तीची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा सुरू होतो. ती व्यक्ती मनात वाक्य जुळवते, तोंड उघडते, तोवर विषय पुढे गेलेला असतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा ती प्रयत्न करत नाही. तिच्या घडणीत मोठ्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं असेल, तर या खोलीत तिची पाळी कधी येणारच नाही.

उपाय साधे आहेत. मुद्दे एक दिवस आधी पाठवा. लेखी मत द्यायची सोय ठेवा आणि ते लेखी मत मीटिंगमध्ये, ज्याचं त्याच्या नावाने, वाचा. सुरुवातीला एकदा सगळ्यांची फेरी घ्या, वरिष्ठांनी शेवटी बोलावं. साहेबांनी पहिल्याच मिनिटाला मत दिलं तर अर्ध्या लोकांची मतं तिथेच मिटतात. सगळ्यांसमोर 'तुम्ही का बोलत नाही?' असं विचारणं मात्र टाळा. त्याने माणूस आणखी आक्रसतो.

सहकाऱ्याचं नाव नीट उच्चारता येत नाही. सोपं टोपणनाव ठेवलं तर?

त्याने स्वतः सुचवलं असेल तरच. नाहीतर एकदा विचारा, दोनदा म्हणून पाहा, चुकलं तर पुन्हा विचारा. एक मिनिटाचं काम आहे आणि समोरच्याला ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

काही सहकारी आपसांत त्यांच्या भाषेत बोलतात, आम्हाला वगळल्यासारखं वाटतं. त्यांना थांबवावं का?

ज्या कामाच्या बोलण्यात इतरांचा सहभाग हवा, ते सगळ्यांना समजेल अशा भाषेत व्हावं, हा नियम रास्त आहे आणि तो सर्व भाषांना सारखा लागू करावा. जेवणाच्या सुट्टीत दोघं आपल्या भाषेत बोलत असतील तर तो त्यांचा श्वास घेण्याचा वेळ आहे. दिवसभर परक्या भाषेत विचार करणाऱ्याला किती थकायला होतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं.

भरती गुणवत्तेवरच व्हायला हवी. मग विविधतेचा विचार मधे कशाला आणायचा?

भरती गुणवत्तेवरच व्हायला हवी, हे बरोबर. ती तशी होते का, हे तपासायला हवं. मॅरियन बर्ट्रांड आणि सेंथिल मुल्लइनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागो इथल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले. पात्रता तोडीस तोड, फक्त नावं वेगळी: काही गोऱ्या समाजातली वाटणारी, काही कृष्णवर्णीय समाजातली. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना मुलाखतीसाठी सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. त्या अर्जांवरून नजर फिरवणाऱ्यांना विचारलं असतं तर बहुतेकांनी मनापासून सांगितलं असतं की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो.

त्यामुळे भर पद्धतीवर द्यायचा. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक उत्तराला गुण तिथल्या तिथे, मुलाखत संपल्यावर एकूण 'वाटलं कसं' यावरून नाही. आणि 'आमच्यात मिसळून जाईल का?' या निकषावर कुणाला नाकारायचं असेल तर नेमकं काय जुळत नाही ते लिहून द्यायचं. लिहायला बसलं की अनेकदा लिहिण्यासारखं काहीच निघत नाही.

एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं की पुरे का?

नाही. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कॅलेव्ह यांनी ८०० हून जास्त अमेरिकी कंपन्यांची तीन दशकांची माहिती अभ्यासली. सक्तीचं प्रशिक्षण लावलेल्या कंपन्यांत पाच वर्षांनंतरही व्यवस्थापक पदांवरची विविधता वाढलेली दिसली नाही, काही गटांचं प्रमाण उलट घटलं. सक्तीने बसवलेला माणूस आपल्यावर आरोप होतोय असं समजून हटून बसतो. ज्या कंपन्यांत वरिष्ठांनी वेगळ्या पार्श्वभूमीच्या तरुण सहकाऱ्यांना प्रत्यक्ष मार्गदर्शन केलं, किंवा निरनिराळ्या विभागांच्या लोकांची समिती नेमून तिने आकडे तपासले आणि जाब विचारला, तिथे फरक पडला. वरिष्ठ एकदा कुणाच्या प्रगतीची जबाबदारी घेतो तेव्हा त्या व्यक्तीच्या वाटेतले अडथळे त्याला स्वतःचे वाटू लागतात. भाषणातून हे होत नाही.

नकळत कुणाला दुखावलं तर?

माफी मागा, छोटी आणि सरळ. 'माझा तसा हेतू नव्हता' हे वाक्य खरं असलं तरी शेवटी ठेवा, कारण आधी आलं की समोरच्यालाच तुमची समजूत घालावी लागते. पुढच्या वेळी वेगळं वागा. मस्करीबद्दल एवढंच सांगते, की ज्याच्यावर मस्करी होते तो हसला म्हणजे त्याला चाललं असं नाही. एकट्या पडलेल्या माणसाला हसण्यावाचून दुसरा पर्याय क्वचितच असतो. आणि कुणी दुसरा दुखावला जात असेल तर तिथे हजर असलेल्यांनी बोलावं. झळ बसलेल्यानेच दर वेळी उभं राहायचं, ही अपेक्षा निर्दय आहे.

दुसऱ्याची संस्कृती म्हणून तिच्यातलं सगळंच मान्य करायचं का?

नाही, आणि या मुद्द्यावर कचरायचं कारण नाही. युनेस्कोने २ नोव्हेंबर २००१ रोजी सांस्कृतिक विविधतेचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमात निसर्गाला जैवविविधता जेवढी आवश्यक तेवढी मानवजातीला सांस्कृतिक विविधता आवश्यक आहे असं म्हटलं आहे. चौथ्या कलमात तेवढ्याच स्पष्टपणे बजावलं आहे, की सांस्कृतिक विविधतेचं कारण पुढे करून कुणालाही मानवी हक्कांवर गदा आणता येणार नाही. परंपरा म्हणून मुलीचं शिक्षण थांबवणं किंवा कुणाला माणूस म्हणून खालचं मानणं याला विविधतेचं संरक्षण मिळत नाही.

एक गोष्ट मात्र पाहायला हवी. प्रत्येक संस्कृतीच्या आत मतभेद असतात, सुधारणेसाठी झगडणारी माणसं असतात. बाहेरून टीका करताना त्यांचं ऐका. आणि टीकेची फूटपट्टी आधी स्वतःच्या घरावर लावा.

यामुळे बहुसंख्य समाजाची संस्कृती पुसली जाईल, ही भीती खोटी आहे का?

भीती खरी असते, तिला हसून उडवू नये. रॉबर्ट पटनम यांनी सुमारे ३०,००० अमेरिकी लोकांच्या पाहणीवर २००७ मध्ये लिहिलं, की जास्त मिश्र वस्त्यांमध्ये लोकांचा परस्परांवरचा विश्वास कमी दिसला, अगदी स्वतःच्या गटातल्या लोकांवरचासुद्धा. विविधतेचे समर्थक हा निष्कर्ष टाळतात. मला तो टाळावासा वाटत नाही. पटनम यांचंच पुढचं म्हणणं असं, की ही सुरुवातीची अवस्था आहे. काळ जातो तसे समाज 'आपले' या वर्तुळाची व्याख्या रुंद करत जातात. ते आपसूक होत नाही. एकत्र शाळा, एकत्र काम, एकत्र सार्वजनिक जागा असाव्या लागतात. जिथे एकाच शहरात दोन समाज पाठीला पाठ लावून राहतात, तिथे कितीही वर्षं गेली तरी वर्तुळ रुंदावत नाही.

मग समाजात सुरुवात कुठून करायची? नुसतं एकमेकांना भेटल्याने काही होतं का?

भेट कशी होते यावर ते ठरतं. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये चार अटी सांगितल्या: भेटणाऱ्यांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामायिक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि अधिकारी किंवा नियम यांचा पाठिंबा हवा. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह कमी होतात असं त्यांना दिसलं, आणि या अटी पाळल्या तर जास्त.

एक मालक आणि दुसरा कायम नोकर, अशा भेटी आयुष्यभर होऊनही पूर्वग्रह जसाच्या तसा राहतो, याचं कारण पहिल्या अटीत आहे. वर्षातून एकदा पोशाख आणि नाचगाण्यांचा कार्यक्रम ठेवून फार काही साधत नाही, याचं कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीत. पाण्याची टाकी दुरुस्त करायला चार घरं एकत्र आली तर जास्त साधतं.

मुलांशी याबद्दल कधी बोलावं?

लवकर. तीन महिन्यांची बाळं नेहमी दिसणाऱ्या वंशाचे चेहरे जास्त वेळ पाहतात, नवजात बाळांमध्ये तसा कल आढळत नाही. म्हणजे डोळ्यांसमोर काय असतं त्यावर हे घडतं. मुलाने रस्त्यात मोठ्याने कुणाच्या दिसण्याबद्दल विचारलं तर गप्प करू नका. गप्प केलं की त्यात काही वाईट आहे असं ते शिकतं. साध्या शब्दांत उत्तर द्या.

या बाबतीत आंतरराष्ट्रीय कायदा काय सांगतो?

१९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याने वंश, वर्ण, लिंग, भाषा, धर्म अशा कोणत्याही कारणाने भेद न करता हक्क सर्वांना दिले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५८ चा १११ क्रमांकाचा करार नोकरी आणि व्यवसायातल्या भेदभावाविरुद्ध आहे. वांशिक भेदभावाविरुद्धचा करार १९६५ चा. १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचं २७ वं कलम अल्पसंख्याकांना आपली संस्कृती जगण्याचा, धर्म पाळण्याचा आणि भाषा वापरण्याचा हक्क देतं. आदिवासी आणि मूळनिवासी समाजांच्या हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये स्वीकारला. २१ मे हा सांस्कृतिक विविधतेचा जागतिक दिवस. आपल्या देशाने यांतल्या कोणत्या करारांवर सही केली आणि त्यानुसार कोणते कायदे केले, ते पाहून घ्यावं. तक्रार करताना तेच उपयोगी पडतात.

आमच्याकडे हे जमतंय की नाही, कसं ओळखायचं?

किती प्रकारची माणसं कामावर आहेत, हा आकडा सगळे मोजतात. त्याच्यापुढचे तीन मोजा. कोणत्या थरावर कोण आहे? दोन वर्षांत सोडून कोण गेलं? पदोन्नती कुणाला किती वर्षांनी मिळाली? दारातून विविधता आत येत असेल आणि मागच्या दाराने बाहेर जात असेल तर हे आकडे लगेच बोलतात. सोडून जाणाऱ्यांशी त्यांच्या थेट वरिष्ठाने बोलू नये, दुसऱ्या कुणीतरी बोलावं, आणि शक्यतो काही महिन्यांनी, जेव्हा त्यांना शिफारसपत्राची काळजी उरलेली नसते.

आणि एक गोष्ट आकड्यांशिवाय दिसते. गटातली सर्वांत नवी किंवा एकटी पडलेली व्यक्ती 'मला हे पटत नाही' असं म्हणते, त्यानंतरची पाच मिनिटं नीट पाहा. तिला कारण विचारलं जातं का? ते कुणी लिहून घेतं का? तोच मुद्दा दहा मिनिटांनी दुसऱ्याने मांडला आणि वाहवा त्याला मिळाली, तर ते कुणी लक्षात आणून देतं का? पुढच्या मीटिंगला ती पुन्हा बोलली, तर गाडी रुळावर आहे. नाही बोलली तर वर सांगितलेल्या फेरीपासून आणि लेखी मतांपासून परत सुरू करा.